साठीनंतर घरसामान ऑनलाइन मागवताना: आधी काय, मग काय आणि कुठे थांबायचं

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी बसणाऱ्या मंडळींत कायम कुणाचं तरी सामान अडकलेलं असतं. कुणाचं दुसऱ्याच बिल्डिंगला गेलेलं, कुणाला साखर हवी होती आणि पिठीसाखर आलेली, कुणी ओटीपी भलत्यालाच सांगून बसलेलं. सगळ्यांचं ऐकलं की लक्षात येतं, चूक क्रमाची होते. आधी सामान निवडतात मग घाईत पत्ता मग त्याहून घाईत पैसे, आणि डिलिव्हरीवाला दारात उभा राहिल्यावर मुलीला फोन लावतात की आता काय करू. हे सगळं उलट्या क्रमाने करायचंय. तयारीला एक निवांत दुपार द्या, त्यानंतरच्या ऑर्डरी सोप्या जातात.

ज्यांची मुलं पुण्याला, बंगलोरला किंवा परदेशात आहेत त्यांनी हे मुलांनाही पाठवा, कारण निम्म्या चुका त्यांच्याकडून होतात.

१. काय मागवायचं ते आधी ठरवा

सगळंच ऑनलाइन आणायची गरज नाही. मी सरळ वजनावर ठरवते, जे उचलून जिना चढता येत नाही ते मागवायचं. तेल, साखर, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, फिनाईल, हँडवॉश, मीठ, पोहे-रवा, चहा. आपल्याकडच्या जुन्या तीन मजली अपार्टमेंटना लिफ्ट नाही, आणि गुडघे दुखत असताना दोन हातात पिशव्या घेऊन चढणं म्हणजे पडायला निमंत्रण.

भाजी मात्र मी मागवायला सांगत नाही. नाशकात राहून कोथिंबीर आणि टोमॅटो प्लास्टिकच्या डब्यात कशाला घ्यायचे, दारावर गाडी येते, ताजी मिळते, दोन शब्द बोलणं होतं. वर्षाचे गहू-तांदूळ जे उन्हाळ्यात भरता ते पण तसंच राहू द्या. आणि तुमचा नेहमीचा किराणावाला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊन माल घरी पाठवत असेल तर तेही ऑनलाइनच झालं की, त्याला सोडू नका, पुढे एका जागी सांगणार आहे तो कधी कामाला येतो ते.

सावधान: पहिल्याच महिन्यात मिक्सर, मोबाईल, गादी असलं काही मागवू नका. तेला-साबणावर हात बसू द्या.

२. फोन तयार करा

सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात फॉन्ट साइज, मोठी करा. हे एवढं केलं तरी चुकीचं बटण दाबणं निम्म्यावर येतं. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषांमध्ये मराठी जोडली की बोलून टाइप होतं, "शेंगदाणे एक किलो" म्हणा, लिहीत बसायला नको.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून (आयफोन असेल तर अ‍ॅप स्टोअरवरून) घ्यायचं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवली, एपीके म्हणतात तिला, ती कुणीही पाठवलेली असो, उघडायची नाही. प्ले स्टोअरमध्ये पण सर्च केल्यावर सगळ्यात वर कधीकधी जाहिरात असते, नाव नीट वाचून मगच इन्स्टॉल.

अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला मराठी आहे. पण एक अडचण सांगते, तुम्ही मराठी ठेवलं आणि मुलगा फोनवरून इंग्रजी बटणांची नावं सांगत बसला तर दोघांची भांडणं होतात. दोघांच्या फोनवर एकच भाषा ठेवा, कुठली ते तुम्ही ठरवा, वापरायचं तुम्हाला आहे.

तपासा: फोनला पॅटर्न किंवा पिन लॉक आहे का? नसेल तर इथेच थांबा, आधी लॉक लावा.

३. अकाउंट तुमच्या स्वतःच्या नंबरवर

मुलांकडून होणारी सगळ्यात मोठी चूक ही. "आई तू राहू दे, मी माझ्या फोनवरून टाकतो." टाकतो खरं, पण मग डिलिव्हरीवाल्याचा फोन त्याला जातो, ओटीपी त्याला जातो, तो मीटिंगमध्ये असतो, आणि अमेरिकेत असेल तर इथे सकाळचे अकरा म्हणजे तिकडे रात्र झालेली. माणूस खाली दोनदा हॉर्न वाजवून निघून जातो आणि अ‍ॅपवर लिहून येतं, ग्राहक उपलब्ध नव्हते.

म्हणून अकाउंट तुमच्या नंबरवर उघडा, जो नंबर तुमच्या हातात असतो त्याच. मुलांना मागवूनच द्यायचं असेल तर पत्ता भरताना तिथे फोन नंबरची वेगळी जागा असते, तिथे आई-वडिलांचा नंबर टाकायचा. पण एवढ्याने भागेलच असं नाही, काही कंपन्यांचा डिलिव्हरी ओटीपी अकाउंटच्या नंबरवरच येतो, तेव्हा तो आल्याआल्या ताबडतोब घरी कळवायची जबाबदारी मुलाची.

४. पत्ता: इथे अर्धा तास घालवा

साई, गुरुकृपा, श्रीराम अशा नावांची अपार्टमेंट नाशकात जागोजागी आहेत, त्यामुळे बिल्डिंगचं नाव आणि कॉलनी एवढ्यावर कुणी पोहोचत नाही. या क्रमाने लिहा: फ्लॅट नंबर, मजला, विंग असेल तर विंग, बिल्डिंगचं पूर्ण नाव, लेन किंवा प्लॉट नंबर, चालत दोन मिनिटांवरची खूण, कॉलनी, पिनकोड.

खूण जवळची हवी. "मुंबई नाक्याजवळ" ही खूण नाही, तिथून चार दिशांना चार वस्त्या आहेत. सिडकोत राहत असाल तर त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर यातलं नेमकं कुठलं ते लिहून पुढे शाळा, देऊळ, मेडिकल काय असेल ते. आणि खूण आजची पाहिजे, जुना जकात नाका म्हटलं की आपल्याला लगेच कळतं, वीस वर्षांच्या पोराला नाही कळत.

पिनकोड अंदाजाने टाकू नका. इंदिरानगर ४२२००९, पंचवटी ४२२००३, नाशिकरोड ४२२१०१. शहर एकच असलं तरी पिन चुकला की सामान भलत्याच केंद्रावर जातं आणि तिथेच पडून राहतं.

आता नकाशावरची लाल पिन. झटपट डिलिव्हरीवाली अ‍ॅप, म्हणजे ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट वगैरे (आपल्या भागात कुठलं चालतं ते पिनकोड टाकला की अ‍ॅपच सांगतं), यांचे डिलिव्हरीवाले लिहिलेला पत्ता नंतर वाचतात, आधी पिनवर येतात. लोकेशन चालू करून स्वतः बिल्डिंगच्या गेटपाशी उभं राहा आणि पिन तिथे सरकवून सेव्ह करा. घरात बसून केलं तर बऱ्याचदा पिन मागच्या गल्लीत पडते आणि गल्ली एक भिंत पलीकडे असली तरी यायला मोठा वळसा पडतो.

मुलांसाठी इशारा: तुम्ही पुण्यात बसून अ‍ॅप उघडलं की ते पुण्याचं लोकेशन पकडतं. वर डाव्या कोपऱ्यात नाशिकचा पत्ता दिसतोय का, हे प्रत्येक ऑर्डरला बघायचं. आई-बाबांसाठी घेतलेले डाळ-तांदूळ हिंजवडीला पोहोचलेत हा प्रकार नवीन नाही.

शेवटी "डिलिव्हरी सूचना" अशी जागा असते तिथे लिहा: "ज्येष्ठ नागरिक, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कृपया दारापर्यंत आणा, दार उघडायला वेळ लागेल." बरीच पोरं हे वाचतात आणि खरंच थांबतात, माझा अनुभव चांगला आहे.

५. पैशाची सोय

पहिल्या काही ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच करा जिथे ती सोय आहे तिथे. सुटे पैसे आदल्या दिवशीच पाकिटात काढून ठेवा.

मग यूपीआय. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका, हे मी हात जोडून सांगते. दुसरं एक साधं बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या सामानापुरते तीन-चार हजार ठेवा, तेवढंच जोडा. काही बरंवाईट झालं तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं.

आणखी दोन सोयी आहेत ज्या लोकांना माहीतच नसतात. एक यूपीआय लाइट, यात छोटी रक्कम वेगळी काढून ठेवता येते, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात आणि त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात. पिन लागत नाही म्हणूनच फोनला लॉक हवा असं वर सांगितलं. दुसरी यूपीआय सर्कल, २०२४ मध्ये आलेली. यात मुलाच्या खात्यातून तुम्ही तुमच्या फोनवरून पैसे देऊ शकता. एक तर प्रत्येक वेळी मुलगा त्याच्या फोनवर मंजुरी देतो, नाहीतर तो मर्यादा ठरवून देतो, महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० च्या वर जात नाही. ज्यांना स्वतःचं खातं जोडायची भीती वाटते त्यांच्यासाठी हे चांगलं आहे, फक्त घरात आधी मोकळेपणी बोलून घ्या, दर वेळी मुलाकडे मंजुरी मागणं काहींना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे, त्यांनी मर्यादेवाला प्रकार घ्यावा.

सावधान: यूपीआय पिन पैसे *जाताना* लागतो, किंवा आपण स्वतः खात्यातली शिल्लक बघताना. पैसे यायचे असतील, रिफंड असो नाहीतर बक्षीस असो, पिन कधीच लागत नाही. दुसऱ्या कुणी पिन टाकायला सांगितलं की समजायचं पैसे जाणार आहेत.

६. यादी कागदावर, मग अ‍ॅप

अ‍ॅप उघडून "काय घेऊ" करत बसलात तर नको ते घेतलं जातं. कागदावर नाव आणि वजन लिहा. मग एकेक शोधा आणि फोटोवर जाऊ नका, फोटोत अर्धा किलो आणि पाच किलोची पिशवी एकाच आकाराची दिसते.

तेलात लोक नेहमी फसतात म्हणून थोडं सविस्तर सांगते. १ लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. बाजारात ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्या आल्यात, दिसायला अगदी तशाच, किंमत थोडी कमी, आणि आपल्याला वाटतं स्वस्त मिळालं. वजनाचा आकडा वाचायचा आणि किलोचा भाव काढायचा. पाकिटावर एमआरपीच्या जवळ युनिट सेल प्राइस म्हणून एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो घरी आलेल्या जुन्या पाकिटावर बघून ठेवा म्हणजे तुलना करता येते. चहा, साबण, बिस्किटं, सगळीकडे हेच.

आणि मोठा पॅक नेहमी घ्यायचा नाही. पाच लिटरचा कॅन थोडा स्वस्त पडतो पण तो दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नेणार कोण, त्यातून कढईत तेल ओतणार कसं? मनगटात जोर नसेल तर एक-एक लिटरच्या पाच पिशव्या घ्या, चार रुपये जास्त गेले तरी चालतील. दहा किलो आट्याचंही तेच.

७. पैसे देण्याआधी कार्ट वाचा, वरून खालपर्यंत

कार्ट म्हणजे आपण निवडलेल्या सामानाची अ‍ॅपमधली यादी. ती बोटाने एकेक ओळ दाखवत वाचायची, खरंच.

पत्ता नाशिकचा आणि तुमचाच आहे का. प्रत्येक वस्तूचा नग किती, बोट दोनदा लागलं की एकाचे दोन होतात. खाली हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज काय लागलाय. टिप, देणगी, विमा असलं काही आपोआप टिक झालंय का, असेल तर टिक काढा. ग्राहकाला न विचारता कार्टमध्ये काही घुसवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अ‍ॅपच्या युक्त्यांविषयीच्या) सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार चुकीचं आहे, तेव्हा काढताना संकोच नको.

"अजून ८० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फ्री" असं दाखवतात. यादीतलं काही राहिलं असेल तर घ्या, नाहीतर २५ रुपये चार्ज देऊन मोकळे व्हा.

मेंबरशिपचा फ्री ट्रायल घेऊ नका, निदान सुरुवातीला. त्यात ऑटोपेची परवानगी घेतात आणि महिन्याने पैसे कापले जायला लागतात. घेतला असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाच्या भागात जाऊन बंद करता येतो, आजच बघा काय काय चालू आहे ते.

वेळेचा स्लॉट मिळत असेल तर दुपारी दोन ते चार घेऊ नका, झोपेत बेल ऐकू येत नाही. सकाळी दहा-बारा किंवा संध्याकाळी पाच-सात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला लागलं की रामकुंड-सराफ बाजार बाजूच्यांनी ऑर्डर टाकूच नये, ते पोर तरी कसं येणार. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या स्नानाच्या दिवसांत पंचवटीकडचे रस्ते बंद असतील, तेव्हा आठवड्याचं सामान आधीच भरून ठेवा. अशा वेळी गल्लीतला किराणावालाच कामाला येतो, म्हणून म्हटलं त्याला सोडू नका.

तपासा: झटपटवाल्या अ‍ॅपवर ऑर्डर पॅक व्हायला लागली की कॅन्सल बहुतेक होत नाही. म्हणून वाचन पैशाच्या आधी.

८. दारात: दोन ओटीपींचा घोळ

सगळ्यात जास्त फसवणूक याच घोळातून होते, सावकाश वाचा.

डिलिव्हरीचा ओटीपी वेगळा आणि बँकेचा वेगळा. डिलिव्हरीचा ओटीपी सामान पोहोचल्याचा पुरावा असतो, तो *माणूस समोर उभा आणि सामान हातात आल्यावर* सांगायचा. गॅस सिलिंडरचा कोडही असाच, सिलिंडर घरात आल्यावर. बँकेचा ओटीपी पैसे कापण्यासाठी असतो, तो जगात कुणालाही सांगायचा नाही.

ओळखायचं कसं? मेसेज पूर्ण वाचा, नुसता आकडा नको. रुपये, ट्रान्झॅक्शन, कार्ड, खातं, लॉगिन यातला कुठलाही शब्द असला की तोंड बंद. "डिलिव्हरी" आणि तुम्ही मागवलेल्या कंपनीचं नाव असलं तरच सांगायचा. आणि फोनवर कुठलाच ओटीपी नाही, "तुमची ऑर्डर कॅन्सल करायची आहे, ओटीपी सांगा" म्हणाला तरी नाही.

न मागवलेलं पार्सल कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून आलं तर घेऊ नका. "घरातल्या कुणीतरी मागवलं असेल" असं म्हणून आपण पैसे देतो, आत चिंध्या निघतात. आधी फोन, मग पैसे.

क्यूआरने पैसे देताना स्क्रीनवरचं नाव आणि रक्कम वाचून मगच पिन.

सामान घेतलं की दार लावून लगेच, चहा ठेवायच्या आधी, अ‍ॅपमधलं बिल उघडून एकेक वस्तू जुळवा. पिशवी फुटलेली, वस्तू कमी, वजन वेगळं, काही असेल तर फोटो काढा. तारीख बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की खाण्याची वस्तू पोहोचवताना तिची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असावेत. आठवड्यात संपणारा रवा आला तर ठेवून घ्यायचं कारण नाही. महागाची वस्तू असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील दिसलं पाहिजे, शेजारच्या मुलाला फोन धरायला सांगा.

९. परत करणं आणि तक्रार

किराणा मालाची तक्रार त्याच दिवशी करा, मुदत फार कमी असते. अ‍ॅपमध्ये "माय ऑर्डर्स", ती ऑर्डर, मदत किंवा हेल्प, मग वस्तू निवडून फोटो जोडायचा. रिफंड कुठे हवा विचारलं तर मूळ खात्यात किंवा बँकेत निवडा, वॉलेट निवडलं तर ते पैसे त्याच दुकानात अडकतात.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही. कधीच नाही. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात, ते गोड बोलतात, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतात आणि खातं रिकामं करतात. नंबर किंवा चॅट फक्त अ‍ॅपच्या आतून.

कुरिअरवाला म्हणून फोन करून कुणी "स्टार २१ स्टार" किंवा "स्टार ४०१ स्टार" लावून एखादा नंबर डायल करायला सांगितलं तर करू नका, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि बँकेचे ओटीपी सांगणारे कॉलही. चुकून केलं असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, वळवणं बंद होतं, आणि मग बँकेला कळवा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, मुलं ओरडतील म्हणून लपवू तर अजिबात नका. लगेच १९३० ला फोन, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही तक्रार नोंदवता येते. हे नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

कंपनी दाद देत नसेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. अधिकाऱ्याचं नाव-पत्ता अ‍ॅपमध्ये द्यावाच लागतो. तेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि फोटो समोर ठेवा. आणि तोपर्यंत ते खराब पाकीट फेकू नका, परत न्यायला माणूस आला की तो आधी तेच मागतो.